सात पेट्या

"भिंती बघा, फरशी बघा, वर चढायचं तर शिडी देतो. फकस्त त्या सात पेट्यांना हात लावायचा न्हाई, बाई."

दस्तगीरचाचांनी हे मला चौथ्यांदा सांगितलं तेव्हा माझ्या हातात टेप होती, कानावर पेन्सिल होती आणि राग नाकाच्या शेंड्यावर होता. मी सव्वीस वर्षांची होते. नावापुढं इंजिनियर लागून तीन वर्षं झाली होती आणि समोरच्याला ते विसरू द्यायचं नाही, असा माझा खाक्या होता.

"चाचा, मी पेट्या खाणार नाहीये. बाजूला ठेवू, तुळई बघू, परत जागच्या जागी लावून देऊ. अर्ध्या तासाचं काम आहे."

"दुसरं काय बी सांगा."

"मग विकत घेते. सातही."

"त्या इकायच्या न्हाईत."

एवढं बोलून ते खाली बसले आणि गुडघ्यात धरलेल्या पत्र्याची कड वळवायला लागले. ठक ठक ठक. माझ्याशी बोलणं संपलं होतं.

गावाचं नाव मी सांगत नाही. कृष्णाकाठचं आहे, एवढं पुरे. तिथली माणसं अजून त्याच ओळीत बसतात आणि तिथल्या एका कागदावर माझी सही अजून तशीच आहे. संस्थानच्या काळात बांधलेलं ते मार्केट, दगडी जोतं, चुन्यातल्या विटांच्या भिंती, सागवानी तुळया, वर कौलं. एका ओळीत अकरा दुकानं. अत्तरवाले, बांगड्यावाले, गादीवाले, पितळी भोंगे टांगून बसलेले बँडवाले. दहा दुकानं मुसलमानांची आणि सहाव्या नंबरात दाविद मास्तर, ख्रिस्ती शिंपी. सगळ्यांची तिसरी-चौथी पिढी तिथं भाड्यानं बसत होती आणि एकाकडंही धड कागद नव्हता. संस्थानच्या कारभाऱ्यानं तोंडी सांगितलं, आजोबा बसले, नातू उठलाच नाही, असा सगळा मामला.

त्या सालात जुन्या बाजारपेठा जपायची एक योजना आली होती. कौलं बदलायची, चुना नव्यानं मारायचा, पाणी मुरतंय ते थांबवायचं, आणि दुकानदार होते तिथंच ठेवायचे. एकच मोठी अट होती. इमारतीचा सांगाडा धड असला पाहिजे. मुख्य तुळई किंवा खांब मोडलेला निघाला, की इमारत धोकादायक म्हणून यादीत जाणार, आणि यादीत गेलेली इमारत पाडून तिथं तीन मजली कॉम्प्लेक्स उभं करायला एकजण नकाशे काखोटीला मारून तयारच होता. त्या नकाशात पत्र्याच्या पेट्या करणाऱ्याला जागा नव्हती.

सांगाडा धड आहे की नाही, हे लिहून सही करायचं काम माझं होतं. दहा दुकानं बघून झाली होती आणि सगळं ठणठणीत होतं. राहिला होता पाच नंबर. मार्केटची सगळ्यात जड तुळई पाच आणि सहा या दोन दुकानांवरून जात होती, आणि तिचा नेमका मधला भाग दिसत नव्हता. चाचांनी छताला पत्रे ठोकून वर फुलं रंगवलेली, आणि त्या मधल्या भागाखाली जमिनीपासून छतापर्यंत हिरव्या पेट्यांची ती उतरंड. सगळ्यात मोठी खाली, सगळ्यात लहान वर. प्रत्येकीवर लाल गुलाब.

"अब्बांच्या हातच्या हैत," चाचा म्हणायचे. यापलीकडं काही नाही.

मला वाटलं, म्हातारा हट्टी आहे. मग वाटलं, पेट्यांत काहीतरी दडवलंय. मी हे दाविद मास्तरांना बोलूनही दाखवलं. मास्तर पन्नाशीचे, काटकुळे, गळ्यात कायम टेप. त्यांच्या आणि चाचांच्या दुकानांमधल्या भिंतीत हातभर उंचीची एक खिडकी होती. तिच्यातून दिवसभर चहाचे कप इकडून तिकडं जात, वर्तमानपत्राची पानं जात, आणि काही नसेल तेव्हा नुसत्या शिव्या जात.

"दडवलंय तर दडवलंय," मास्तर म्हणाले. "दस्तगीरनं आजवर एक सुई कुणाची घेतली न्हाई."

"मग बघू का देत नाहीत?"

मास्तरांनी मशीनचं चाक हातानं थांबवलं. "तुम्ही एवढी दहा दुकानं बघितलीसा. अकराव्यातलं नुसतं लिहून टाका की."

"न बघता सही? मी?"

"मग ऱ्हाऊ द्या," असं म्हणून त्यांनी पाय पुन्हा पायडलवर ठेवला.

त्या ओळीत दर शुक्रवारी एक गंमत चाले. म्हणजे मला ती गंमत वाटायची. दुपारच्या नमाजाची वेळ झाली की दहाही दुकानं बंद व्हायची आणि दहाही किल्ल्या मास्तरांच्या खुंटीवर यायच्या. मास्तर एकटे मशीन चालवत सगळ्या ओळीची राखण करायचे. रविवारी सकाळी मास्तर मुलीला घेऊन चर्चला गेले की त्यांच्या दुकानात चाचा जाऊन बसायचे, गिऱ्हाईक आलं तर मापाची वही उलटी धरून वाचायचे. पण शुक्रवारी किल्ली देण्याआधी चाचा एक काम करत. दार आतून लोटून घेत आणि आतून तीन ठोके ऐकू येत. लाकडावर लाकूड. त्यावर खिडकीपलीकडून मास्तर मशीनच्या फळीवर कात्री एकदा आपटत. मग चाचा बाहेर येत आणि सगळे मशिदीकडं चालू लागत. त्या तीन ठोक्यांना ओळीतली सगळी माणसं बोलायची थांबत, हे मी पाहिलं होतं. मी विचारलं तर चाचा म्हणाले, "सवय हाय." मी वहीच्या कडेला लिहून ठेवलं, स्थानिक प्रथा. इतकी मी शहाणी.

सोमवारी अहवाल द्यायचा होता. आदल्या शुक्रवारी सगळे नमाजाला गेल्यावर मी मास्तरांसमोर जाऊन उभी राहिले.

"मास्तर, चाचांची किल्ली द्या. दहा मिनिटं."

"दस्तगीरला इचारलं?"

"ते नाही म्हणतात."

"मग मी हो कसं म्हणू, बाई?"

"पाच नंबर बघितल्याशिवाय मी सही करू शकत नाही. सही नाही केली, की योजना दुसऱ्या गावाला जाईल. मग तुमची अकरा दुकानं कॉम्प्लेक्सवाल्याच्या तोंडात. सांगा चाचांना, की किल्ली होती पण दिली नाही."

यातलं खोटं काही नव्हतं. पण मी ते धमकी म्हणून वापरलं, आणि वापरताना मला बरंसुद्धा वाटलं. मास्तरांनी दोरा दातानं तोडला.

"नुसतं बघणार?"

"नुसतं बघणार."

"पेट्यांना हात?"

"नाही लावणार."

"शब्द?"

"शब्द दिला, मास्तर."

त्यांनी खुंटीवरून किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली. "हातभर लांबनं बघा. मी हितंच हाय."

आत अंधार होता आणि रंगाचा, रॉकेलचा वास होता. मी टॉर्च लावली. हातभर लांबून पाहिलं, हे खरं आहे. शब्द मी साधारण दोन मिनिटं पाळला. मग दिसलं, की सगळ्यात खालच्या पेटीचं झाकण वर नाही, पुढं आहे. कपाटाच्या दारासारखं. त्याला नुसती कडी, कुलूप नाही. आणि कडीभोवतीचा हिरवा रंग हात लागून लागून पार उडालेला.

मी कडी काढली.

आत काहीच ठेवलेलं नव्हतं. पेटीला तळ नव्हता. जमिनीत एक घडीव दगड, दगडावर दोन पाचरी एकमेकींवर उलट्या बसवलेल्या, आणि त्यांच्यावर माझ्या मांडीएवढा जाड सागवानी खांब. शेजारी लाकडी हातोडा. मी टॉर्च वर केली. खांब सरळ वर गेला होता, वरच्या सहाही पेट्यांच्या पोटातून. एकाही पेटीला तळ नव्हता, झाकण नव्हतं. नुसता पत्रा खांबाभोवती वळवून मागून रिव्हेट मारलेले. आणि पार वर, सातव्या पेटीच्या फटीतून, तुळई दिसली. तिला मधोमध चीर होती. चीर कसली, तुळई मोडलेली होती. माझी चार बोटं आत गेली असती.

गेले पंधरा दिवस मी या तुळईखाली उभी राहून माणसांना दम देत होते. पलीकडं मास्तर हिच्याखाली बसून शिवत होते. आत्तासुद्धा त्यांचं मशीन चालू होतं.

इथं कडी लावून बाहेर यायला हवं होतं. पण मला साइटवर एक शिकवलेलं होतं. टेकूवर खरोखर भार आहे की तो नुसताच उभा आहे, हे बघायला पाचरीवर हलकी टिचकी मारायची. सैल पाचर बद्द वाजते, भाराखालची खणकन. माझ्या खिशात लहान हातोडी होती. मी टिचकी मारली. पाचर खणकन वाजली. म्हणजे दोन दुकानांचं छप्पर या एका लाकडावर होतं. मला उत्तर मिळालेलं होतं. आणि तरी मी खात्री करायला दुसरी टिचकी मारली, या खेपेला पलीकडच्या, बारीक टोकावर. पाचर कुठल्या बाजूनं आत जाते आणि कुठल्या बाजूनं बाहेर येते, हे सुताराच्या घरातलं पोरही सांगेल. मी इंजिनियर होते.

तीस वर्षं तेल पिऊन गुळगुळीत झालेली ती पाचर तीन बोटं बाहेर सरकली.

वरून असा आवाज आला, की तो मी परत कधी ऐकला नाही आणि ऐकायचाही नाही. मोठं जनावर कण्हतं तसा. मग छतावरची कौलं घसरून रस्त्यावर फुटायला लागली. फुलं रंगवलेला पत्रा माझ्या खांद्याला घासून खाली आला. डोळ्यांत माती गेली. मला पळायचं सुचलं नाही, ओरडायचंही सुचलं नाही. पाचर माझ्या डोळ्यांदेखत आणखी सरकत होती आणि मी तिच्याकडं बघत बसले होते.

मास्तर कधी आत आले ते मला कळलं नाही. ते गुडघ्यावर बसले आणि त्यांनी उजवा हात पेटीत घातला. भिंतीमुळं डावा जातच नव्हता. पाचर त्यांनी अंगठ्यानं दाबून सरळ धरली.

"हातोडा घ्या," ते म्हणाले. "जाड टोकावर. मारा."

मी मारला. पाचर थोडी आत गेली.

"मारा."

मी दुसरा मारला. डोळ्यांत माती होती. हातोडा लाकडावर पडला नाही. ज्यावर पडला ते मऊ होतं. मास्तरांच्या तोंडून श्वास गेल्यासारखा आवाज आला, पण हात त्यांनी काढला नाही.

"मास्तर..."

"थांबू नका. हात सोडला तर ती निसटंल. मारा, बाई. मारा म्हणतो ना!"

मी मारला. आणखी एक मारला. पाचव्या की सहाव्या घावाला वरचं कण्हणं थांबलं. मग मास्तरांनी हात बाहेर काढला. अंगठा होता त्या जागी काय होतं, ते मी लिहिणार नाही. त्यांनी गळ्यातली टेप काढून मनगटाला गच्च आवळली आणि भिंतीला टेकून बसले.

"पाचर बसली न्हवं?" त्यांनी विचारलं.

नमाजाहून माणसं परतली ती फुटलेली कौलं बघून पळतच आली. सगळ्यांत पुढं चाचा. दारात आले आणि खिळल्यासारखे उभे राहिले. त्यांनी आधी उघडी पेटी पाहिली, मग पाचर, मग मास्तरांचा हात. त्यांच्या मागं सगळी ओळ उभी होती आणि एकाच्याही चेहऱ्यावर आत खांब कुठून आला, हा प्रश्न नव्हता. तेव्हा मला कळलं, की हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुकानांतल्या हाताखालच्या पोरांनासुद्धा. एक मी सोडून.

"दार कुणी उघडलं?" चाचांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण मास्तर माझ्याआधी बोलले.

"मी. मीच बाईंना आणलं. म्हटलं, एकदाचं बघू द्यात आत काय हाय ते. तीस वर्सं ह्या तुळईखाली बसलोय, दस्तगीर. मला आता झेपंना झालं. म्हणून मीच सांगितलं, पाचर हलवून बघा."

मागं बँडवाल्यांपैकी कुणीतरी फक्त "तोबा" म्हणालं.

"मला सांगायचं हुतंस," चाचा हळू म्हणाले. "झेपत न्हाई म्हणून मला सांगायचं. खिडकी काय लांब हुती?"

मास्तरांनी मान खाली घातली.

"किल्ली दे."

किल्ली माझ्या मुठीत होती. मास्तरांनी डावा हात माझ्यापुढं केला, माझ्या मुठीतून ती घेतली आणि चाचांना दिली. हे चाचांनी पाहिलं की नाही, याचा मी पुढं बरीच वर्षं विचार केला. ते त्या वेळी मास्तरांच्या तोंडाकडं बघत होते.

दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर मी मास्तरांना म्हणाले, "तुम्ही खोटं का बोललात? मी आत्ता जाऊन सांगते."

"काय सांगणार? मी शब्द दिला आन् मोडला, म्हणून?" ते रागावलेले नव्हते. त्यांना ओठ हलवायलाही कष्ट पडत होते. "मग ओळ तुमच्यावर तक्रार करंल. करणारच. तक्रार झाली की तुमचा कागद रद्द. दुसरा इंजिनियर यील. तो त्या तुळईचं काय लिहील?"

त्यांनी आवळलेला हात छातीशी धरला.

"आता तुम्हाला समदं ठावं हाय. आमच्याकडं असा तुम्ही एकच माणूस. नीट लिहा. माझा अंगठा फुकट घालवू नका, एवढंच."

"पण चाचा तुमच्यावर..."

"चार दिवस फुगंल आन् खिडकीतनं चहा सारंल. त्याचं मी बघतो. तुम्ही मातर ह्यातलं कधी कुणाला बोलायचं न्हाई. एकाच्या तोंडनं दुसऱ्याच्या, आन् दुसऱ्याच्या तोंडनं कचेरीत. शब्द द्या."

माझ्याकडं शब्द मागताना त्यांना स्वतःलाच हसू आलं. मी तोही दिला.

त्या संध्याकाळी चाचांनी मला सगळं सांगितलं, कोरड्या आवाजात, माझ्याकडं न बघता. कोयनेच्या भूकंपात तुळई मोडली होती. साहेब लोक खडू घेऊन गावभर फिरत होते, चिरलेल्या इमारतींवर, पाडायच्या म्हणून, फुल्या मारत होते. साहेब यायच्या सकाळी त्यांच्या अब्बांनी खांब उभा केला आणि ओळीतल्या सगळ्यांनी मिळून त्याच्याभोवती पत्रा वळवला. पाचर थोडी थोडी सैल होते, म्हणून दर शुक्रवारी, देवापुढं उभं राहायच्या आधी, तीन घाव. शेजारी कात्रीनं सांगायचा, की माझ्या बाजूनंही तुळई हलली नाही.

पुढच्या तीन दिवसांत मी घर पाहिलं नाही. त्या खांबाखाली खोल दगडी पाया घेतला, पाचरी काढून खांब कायमचा बसवला, तुळईला दोन्ही अंगांनी लोखंडी पट्ट्या आवळल्या, आणि पत्रा सोलून खांब उघडा केला. तो आता कुणाही खांबाइतका भक्कम होता. मग अहवालात लिहिलं, 'दुकान पाच : मधला सागवानी खांब, मूळ रचनेचा भाग, सुस्थितीत.' त्यात 'मूळ' हा एक शब्द खोटा होता. नकाशात मी खांब काढला आणि शेजारची ती हातभर खिडकीही काढली. खाली लिहिलं, 'ही खिडकी जपावी.' सोमवारी सही केली. योजना मंजूर झाली. महिनाभरात मला पुण्यात नोकरी लागली आणि मी त्या गावाकडं पाठ फिरवली.

अकरा वर्षांनी एका लग्नाला त्या भागात गेले, तेव्हा पाय आपोआप तिकडं वळले. शुक्रवार होता, हे मी ठरवलेलं नव्हतं. मार्केट पांढरंशुभ्र उभं होतं. अकराही दुकानं चालू होती. चाचांनी मला लांबूनच ओळखलं आणि हातातलं काम टाकून उठले.

"आमच्या बाई आल्या! अरं, बाई आल्या!" ओळभर हाका गेल्या. माणसं जमली. चाचांनी मला स्टुलावर बसवलं, चहा मागवला, सुनेला बोलावून दाखवलं, "ह्यांनीच वाचीवलं समदं. न्हाईतर आपण आज रस्त्यावर."

मी हसत होते. हसता हसता माझी नजर भिंतीकडं गेली. खिडकीच्या जागी पत्रा ठोकलेला होता. चारी बाजूंनी, दर बोटाला एक खिळा. वर गुलाब रंगवलेला नव्हता, काहीच नव्हतं. पलीकडून मशीनचा आवाज येत होता.

माणसं पांगल्यावर मी विचारलं, "मास्तर कसे आहेत?"

चाचांचा चेहरा बंद झाला. "गेला. दोन वर्सं झाली. पोरगी चालीवती दुकान. रूथ."

"आणि ही खिडकी?"

"तुम्ही सही करून गेला, त्याच दिशी ठोकली."

"तेव्हापासून...?"

"न्हाई बोललो. समद्या ओळीची गोष्ट हुती बाई, एका माणसानं बाहेर दिली. भीती वाटली तर माणूस दोस्ताला सांगतो. त्यानं तुम्हाला सांगितली. तुम्ही चांगल्या निघाला, हे आमचं नशीब. त्याचं काय त्यात?" ते बोटानं पत्र्याची कड चाचपत होते. "रोज सकाळी सलाम करायचा. अंगठा नसलेल्या हातानं. मी तोंड फिरवायचो. मयतीला बी गेलो न्हाई. दार लावून आत बसलो."

मला वाटलं होतं, चार दिवस फुगतील. मी पुण्यात घर घेतलं, संसार केला, आणि या सगळ्या काळात एक माणूस त्या भिंतीला पाठ लावून, चार बोटांत कात्री धरून, माझं कृत्य स्वतःच्या नावावर घेऊन बसला होता. मला बसवेना. शब्द दिलेला होता, पण ज्याला दिला तो नव्हता. मी सांगून टाकलं. किल्ली कशी मागितली, काय धमकी दिली, कडी कशी काढली, टिचकी कुठल्या टोकावर मारली. मास्तरांनी मला काय बजावलं होतं आणि तेव्हा दुकानात ते खोटं का बोलले. सगळं, एका दमात.

चाचा ऐकत होते. पत्र्याच्या कडेवरचं बोट थांबलं होतं. मला वाटलं, आता ते मला शिव्या देतील, आणि खरं सांगायचं तर मला शिव्या हव्या होत्या.

"नऊ वर्सं," ते म्हणाले. "नऊ वर्सं सलाम केला त्यानं."

"चाचा, मला माफ..."

"आता का सांगितलंत?"

"तुम्हाला खरं कळायला हवं, म्हणून."

"मी काय करू त्याचं?" त्यांचा आवाज चढला नव्हता. ते मला खरोखरच विचारत होते. "तो गेला. तुम्ही सांगून मोकळ्या झालासा. तुम्ही जाणार पुण्याला. मी हितंच बसणार ना, बाई? ह्याच भिंतीला?"

कुठंतरी बांग सुरू झाली. ओळीतली दारं एकेक करून लागायला लागली. चाचा उठले. फळीखाली हात घालून त्यांनी काहीतरी शोधलं आणि तो जुना लाकडी हातोडा बाहेर काढला. पाचर राहिली नव्हती, तेव्हापासून तो तसाच पडून असणार. त्यावर धूळ होती. त्यांनी दार आतून लोटून घेतलं. मी आत आहे हे ते विसरले असावेत.

ते खांबाकडं गेले नाहीत. खिडकीवरच्या पत्र्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी तीन ठोके मारले.

पलीकडचं मशीन थांबलं.

चाचा हातोडा तसाच धरून, कान देऊन उभे होते. पलीकडं रूथ काय झालं म्हणून भिंतीकडं बघत असावी. कात्रीचं तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

मग मशीन पुन्हा सुरू झालं.